सुई टोचण्यापूर्वीचे सात दिवस

स्मरणिकेसाठी एखाद्या वैद्यकीय विषयावर लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी घरी पालथा पडून होतो. त्यामुळे विषय शोधावा लागला नाही.

इंदूरमध्ये फिजिशियन म्हणून चाळीस वर्षे व्यवसाय केला. गेल्या पावसाळ्यात माझ्याच कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती सरकली आणि उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाऊ लागली. दवाखान्यात अर्धा तास बसणेही अशक्य झाले. गोळ्या झाल्या, व्यायाम झाला. अखेरीस एपिड्यूरल स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचे ठरले. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत औषध सोडण्याची ही कल्पना जुनीच आहे. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातेलँ या दोघांनी माकडहाडाच्या वाटेने तेथे कोकेनचे द्रावण पोहोचवले होते. स्टेरॉइड पुष्कळ नंतर आले.

वेदनातज्ज्ञ माझाच जुना विद्यार्थी. एम.आर.आय. पाहून त्याने तीन दिवसांनंतरची तारीख दिली. तयारीविषयी विचारले तर संकोचून म्हणाला, "सर, तुम्हाला मी काय सांगणार!" या आदराने मी सुखावलो, हे कबूल केले पाहिजे.

आदल्या रात्री सौ. माझ्या गोळ्यांची आठवड्याची डबी भरत होत्या. हातातली गोळी तशीच धरून त्यांनी विचारले, "अहो, ही रक्त पातळ करणारी. उद्या पाठीत सुई घालणार ना? मग ही चालेल का?"

मी गप्प झालो. चार वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्टेंट बसवला आहे आणि तेव्हापासून क्लोपिडोग्रेल चालू आहे. एपिड्यूरल जागेत रक्तस्राव होऊन गुठळी झाली तर ती मज्जातंतूंवर दाब आणते. वेळीच लक्षात आले नाही तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. अशी घटना विरळाच. पण हे सारे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून शिकवले होते! त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. रात्री दहाला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

इंजेक्शन पुढे ढकलले. आता गोळी परस्पर बंद करणेही तितकेच धोक्याचे, कारण स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीवावरच बेतायचे. हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला. स्टेंट जुना असल्याने त्यांनी क्लोपिडोग्रेल सात दिवस थांबवून तेवढ्यापुरती ॲस्पिरिनची लहान मात्रा दिली. नवा स्टेंट असता तर हा निर्णय इतका सोपा नव्हता. ते सात दिवस मला पायाच्या कळेपेक्षा छातीचीच धास्ती अधिक होती. डाव्या बाजूला साधा गॅस धरला तरी दचकायचो.

या वेळी मात्र विद्यार्थ्याने काहीही गृहीत धरले नाही. मधुमेह कितपत आटोक्यात आहे? कुठे जंतुसंसर्ग, ताप? रंगद्रव्याची किंवा भूल देण्याच्या औषधाची ॲलर्जी? गुंगीचे औषध द्यावे लागेल म्हणून सहा तास अन्न नाही. साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालेल. आमच्या इंदुरी माणसाला सकाळचे पोहे सोडणे ही मोठीच शिक्षा! स्कूटरवरून परत येईन, हा माझा बेतही त्याने मोडला. पाय काही तास बधिर राहू शकतो, म्हणून सोबत हवीच.

प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचे. पोटाखाली उशी घेऊन पालथे झोपायचे. सी-आर्मच्या पडद्यावर रंगद्रव्य योग्य जागी पसरलेले पाहून मगच औषध सोडतात. त्या क्षणी तीच ओळखीची कळ पायात उतरली. आपल्या शिरेवर नेमके बोट पडल्याची ती खूण, हे ठाऊक असूनही मी ओरडलोच.

त्या रात्री बधिरपणा उतरला तशी कळ परत आली. खरा उतार चौथ्या दिवशी पडला. मधल्या काळात उपाशीपोटीची साखर १३० वरून २४० वर गेली आणि आठवडाभर रोज तपासावी लागली. स्टेरॉइडमुळे ती वाढते, हे आधी सांगितलेले असल्याने घरात घबराट झाली नाही. क्लोपिडोग्रेल दुसऱ्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून पुन्हा सुरू केले. दोन महिन्यांनी थोडी वेदना परतली आहे, पण आता मी तासभर बसू शकतो. हा लेख तसाच बसून पुरा केला.

मागच्या आठवड्यात फेरतपासणीला गेलो. विद्यार्थ्याने खुर्ची पुढे केली, कागद ओढला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "सर, सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?" मी आठवू लागलो. तोवर सौ.नी पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली होती.