यथाबल काम : सिगालोवाद सुत्त आणि वर्तनशास्त्र

नांदगाव खंडेश्वरच्या तहसील कार्यालयातील लिपिक असो वा बाजार समितीतील हमाल, त्याच्या हातून चूक झाली की ‘कामचुकार’ हा शिक्का बसतो. वर्तनशास्त्र मात्र आधी कामाची मांडणी तपासते. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२७ पासून टेलिफोनचे भाग जोडणाऱ्या स्त्रियांना मधली विश्रांती देऊन पाहिली, उत्पादन वाढले. या वाढीच्या कारणांविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

दीघनिकायातील ३१ व्या सुत्तात, सिगालोवादात, भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, विशेष खाद्यात वाटा आणि वेळेवर सुटी. सेवकाची कर्तव्ये त्यानंतर येतात. येथे उत्पादनवाढीची अट नाही. हा भेद महत्त्वाचा होय. कारण लाभ थांबताच युक्ती सोडली जाते, कर्तव्य टळत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कमी तास ही मालकाची कृपा न राहता कामगाराचा हक्क ठरला.

म्हणून चूक दिसताच प्रथम विचारावे : सोपविलेले काम त्या माणसाच्या शक्तीनुसार होते काय?