गारठणारा संगणक
(लेखमाला ‘संगणक का थबकतो?’ : भाग ७)

आज रॅमची तपासणी करायची असं ठरलं होतं. ती आता पुढच्या रविवारी. मधल्या काळात नाशिकहून एका वाचकबाईंचं पत्र आलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतं आहे.

त्या लिहितात, ‘सकाळी सातला शिकवणीचे कागद छापायला मी संगणक लावते. दहा-पंधरा मिनिटांत तो जागच्या जागी थांबतो. तुम्ही सांगितलेली नमलॉकची परीक्षा केली, कळ दाबूनही कीबोर्डवरचा दिवा चालू-बंद होत नाही. बंद करून पुन्हा लावते. दोन-तीनदा असं झालं की मग रात्रीपर्यंत बिनतक्रार चालतो. सगळे म्हणाले, तापत असेल. म्हणून पुतण्याने आणखी एक पंखा बसवून दिला. तेव्हापासून तर चार-चारदा थांबतो.’

ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. पंखा वाढवल्यावर जो बिघाड वाढतो, तो तापण्याचा नव्हेच. शिवाय तापणारा संगणक दुपारी चार वाजता थांबेल, डिसेंबरातल्या नाशिकच्या सकाळी कशाला थांबेल? हा संगणक गारठतो आहे.

थंडीत कुरकुरणाऱ्या भागांत माझा पहिला संशय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर असतो. बुटक्या पिंपांसारखे उभे असतात ते. आत अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, मध्ये कागद, सगळी गुंडाळी एका द्रवात भिजलेली आणि बुडाशी रबराचं बूच. संगणकाला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. त्यासाठी तो वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. या हिसक्यांचा सपाट प्रवाह करायचं काम या पिंपांचं. गच्चीवरची टाकी जसं पंपाचं धाडधाड येणारं पाणी नळाला एका धारेत देते, तसंच.

वर्षं जातात तसा रबराच्या बुचातून तो द्रव सुकत जातो. कपॅसिटरवर ‘१०५ अंश’ असं छापलेलं असतं. त्या तापमानात तो, समजा, २,००० तास टिकेल अशी कंपनीची हमी असते. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, हा ढोबळ हिशेब. म्हणजे ६५ अंशांवर ३२,००० तास. रोज दहा तास संगणक चालला तर पावणेनऊ वर्षं. बाईंचा संगणक अकरा वर्षांचा आहे.

आता थंडीतली खोबरेल तेलाची बाटली डोळ्यांपुढे आणा. कपॅसिटरमधला द्रव तसा गोठत नाही, पण दाटतो. त्यातून विजेचं येणंजाणं जड होतं. नव्या कपॅसिटरला ते सोसतं, सुकत आलेल्याला सोसत नाही. प्रवाह सपाट होईनासा होतो, व्होल्टेज क्षणभर डळमळतं, प्रोसेसर एखादा आकडा चुकीचा वाचतो आणि सगळं ठप्प. पण तेवढ्या वेळात वीज खेळून खेळून पिंप कोमट झालेलं असतं. म्हणून तिसऱ्यांदा लावल्यावर संगणक सुरळीत चालतो. जास्तीचा पंखा हे कोमट होणंच लांबवत होता.

जुन्या वाचकांना २००० नंतरच्या काही वर्षांतले फुगलेले कपॅसिटर आठवत असतील. तेव्हा सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभर पसरले होते. द्रवातलं पाणी अॅल्युमिनियमला खाई, हायड्रोजन तयार होई आणि पिंपाचं डोकं टम्म फुगे. डोक्यावर फुलीसारखी खाच असते ती त्यासाठीच, दाब वाढला की तिथून वाट मिळावी. पुढे मदरबोर्डवर घन पॉलिमरचे कपॅसिटर आले. त्यांत सुकायला द्रवच नाही आणि बहुतेकांच्या डोक्यावर खाचही नाही. एसएमपीएसमध्ये मात्र द्रवाचे कपॅसिटर आजही सर्रास असतात.

संशय खरा की खोटा, हे बिनखर्चात कसं पाहायचं? बाईंना मी एवढंच सांगितलं: सकाळी संगणक लावल्याबरोबर डिलीट की दाबत राहा (काही संगणकांना एफ२ लागते), बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, पडद्यावर जा आणि तिथल्या घड्याळाचे सेकंद बघत बसा. विंडोज सुरूच करू नका.

तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘घड्याळ ७ वाजून २२ मिनिटं ४१ सेकंदांवर थांबलंय!’ विंडोज अजून उठलंच नव्हतं. म्हणजे विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले. मग त्यांनी संगणक बंद करून, वायर काढून विजेरीच्या उजेडात मदरबोर्ड पाहिला. सगळे कपॅसिटर घन आणि सपाट. पुतण्याने आपल्या संगणकाचा एसएमपीएस आणून जोडला आणि त्याला सहा सकाळी झाल्या. संगणक एकदाही थांबलेला नाही.

एसएमपीएस बदलून बघा, पण उघडू मात्र नका. आत ३२५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त साठलेले असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ तसेच राहतात. आणि एसएमपीएस बदलूनही सकाळचं थांबणं गेलं नाही, तर मदरबोर्डवर कुठेतरी ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चं राहिलेलं डाखकाम, असू शकतं. तेही थंडीत आकसून संपर्क सोडतं.

या पत्राने मला पुन्हा एकदा पटवलं, की उलटा पडलेला उपायसुद्धा पुरावा असतो. पुतण्याचा पंखा वाया गेला नाही. दोष कुठे आहे ते त्या पंख्यानेच दाखवलं. ‘कधीही थांबतो’ असं लिहिणाऱ्या वाचकांना म्हणून माझी विनंती आहे, भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब मांडता ना, तिथेच आठवडाभर वेळ टिपा: कधी लावला, कधी थांबला, मध्ये काय बदललं. आणि पुढच्या रविवारी एक रिकामा पेनड्राइव्ह तयार ठेवा. रॅमला रात्रभर कामाला लावायचं आहे.