एक घोट रक्त आणि तीन दिवसांचे घड्याळ

डेंग्यूच्या हंगामात आमच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, घर रोज झाडतो-पुसतो, तरी चौघांपैकी तिघांना एकाच आठवड्यात ताप. एवढे डास आले कुठून?" कधी कधी एकच मादी पुरेशी असते. ते कसे, हे कळायला तिची अंडी कशी तयार होतात ते पाहावे लागते.

एडिस इजिप्ती डासाचे रोजचे पोट झाडाफुलांच्या रसावरही भागते. नर तर रक्ताला तोंडही लावत नाही. मादीला रक्त हवे असते ते मुख्यतः अंड्यांसाठी. कोषातून बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस तिच्या मेंदूमागच्या बारीक ग्रंथी 'ज्युवेनाइल हार्मोन' सोडतात. त्यामुळे अंडी अर्धवट तयार होतात आणि तिथेच थांबतात. रक्त मिळाले, तरच काम पुढे सरकते.

रक्त पोटात जाताच मेंदूतल्या चेतापेशी काही हार्मोन्स सोडतात. त्यातली काही तर आपल्या इन्सुलिनच्या कुळातली. प्रयोगशाळेत रक्त प्यायल्यावर लगेच मादीचे डोके काढले, तर ती काही दिवस जगते, पण अंडी वाढत नाहीत. तेच डोके काही तासांनी काढले, तर वाढतात. म्हणजे मेंदूचा निरोप तोवर पोहोचलेला असतो. त्या निरोपावर अंडाशय एक्डायसोन हे स्टेरॉइड हार्मोन तयार करते, आणि त्याच्या प्रभावाने शरीरातल्या चरबीपेशी अंड्यांच्या बलकाचे प्रथिन बनवू लागतात. कोंबडीत हेच काम इस्ट्रोजेनच्या हुकमाने यकृत करते. निसर्गाला एकदा जमलेली युक्ती तो सहसा टाकत नाही. साधारण तीन दिवसांत शंभराच्या आसपास अंडी तयार.

आता घरातल्या तिघांकडे येऊ. पोट रक्ताने पुरेसे ताणले गेले, की चेतांमार्फत इशारा जातो आणि मादी माणूस शोधणे थांबवते. पुढे हार्मोन्स ही अनिच्छा अंडी घालेपर्यंत टिकवतात. पण एडिस दिवसा चावतो, आणि दिवसा आपण जागे असतो. चाहूल लागताच आपण हात झटकतो. पोट अर्धेच भरलेली मादी शेजारच्याच्या पायावर जाऊन बसते, तिथून तिसऱ्याकडे. तिच्या लाळेत डेंग्यूचा विषाणू असेल, तर एका जेवणात तिघांना तो मिळू शकतो. अंडी घालून झाली, की तिला पुन्हा रक्त हवे असते.

अंडी ती पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवते. नागपूरकरांच्या दृष्टीने मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाऊस सुरू झाला की आपण कूलर बंद करतो, पण टाकीत तळाशी पाणी राहते. कोणी ते काढले, तरी भिंतीवरची काळी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अंडी तशीच राहतात. एकदा आतला जीव तयार झाला, की ती कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. पाणी लागले की अळ्या बाहेर, आणि उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास.

सुरुवातीला पाहिलेल्या ज्युवेनाइल हार्मोनची नक्कल करणारे पायरीप्रॉक्सीफेन नावाचे औषध आहे. पाण्यात ते अगदी थोडे असले, तरी अळीचा कोष होतो, पण त्यातून डास बाहेर पडत नाही. ठरावीक मात्रेत पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातही ते वापरायला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. पण कूलरच्या टाकीला औषधाची गरज नाही. आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करावी, आतल्या चारही भिंती काथ्याच्या ब्रशने खरवडून घासाव्यात, आणि ते पाणी नालीत न सोडता कोरड्या मातीवर ओतावे. पावसाळ्यात कूलर गच्चीवर ठेवायचा असेल, तर ताट्या काढून, टाकी पुसून, उन्हात वाळवून आणि वरून नीट झाकूनच ठेवावा.