अर्ध्या मिलिमीटरचा खेळ

घरच्या टेबलावर दोन्ही बाजूंचा पीसीबी, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड, करणाऱ्याला रसायनापेक्षा जास्त छळतो तो अर्धा मिलिमीटर. एकाच बाजूला तांबे असले की नक्षी थोडी सरकली तरी बिघडत नाही, सगळीच सरकते. दोन्हीकडे तांबे आले की वरच्या पॅडमधून घातलेले ड्रिल खालच्या पॅडच्या मध्यातून निघायला हवे. १.६ मिमीच्या पॅडला ०.८ मिमीचे भोक पाडले तर भोवती ०.४ मिमीचे कडे उरते. नक्षी तेवढी चुकली की कडे एका बाजूने संपलेच.

पद्धत तशी सोपी. लेझर प्रिंटरचा टोनर ही शाई नव्हेच. ती प्लॅस्टिकची पूड, तापवली की पुन्हा मऊ होणारी. मासिकाच्या गुळगुळीत कागदावर नक्षी छापायची, घासून लख्ख केलेल्या तांब्यावर पालथी घालायची, वाफ बंद ठेवून कडक इस्त्री दाबायची. मग पाण्यात भिजवून कागद बोटांनी चोळून काढायचा. फेरिक क्लोराइड उघडे तांबे खाते, टोनरखालचे राहते. इंकजेटची शाई इथे कुचकामी.

छापील सर्किट आणि टोनर या जोडीचा इतिहासही गमतीचा आहे. व्हिएन्नाचा पॉल आयस्लर लंडनमध्ये छापील सर्किटच्या कल्पनेमागे लागला तो १९३० च्या दशकात. त्याच दशकात, २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, चेस्टर कार्लसनने न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरियात कोरड्या पुडीने पहिली प्रत उमटवली. लेझर प्रिंटर त्याच वंशातला.

खरी कसोटी जुळणीची. पालथे घातल्यावर नक्षी उलटते, म्हणून वरची बाजू आरशातल्यासारखी छापायची, खालची पडद्यावर दिसते तशीच. दोन्ही कागद छापील बाजू आत ठेवून उजेडासमोर धरायचे, पॅडवर पॅड बसवायचे आणि लिफाफा करून बोर्ड आत सरकवायचा. इथे एक खुबी आहे: कागद एकमेकांना थेट चिकटवले तर १.६ मिमी जाडीचा बोर्ड आत जाताच ते ओढले जातात. म्हणून दोन कडांना त्याच जाडीच्या भंगार बोर्डाच्या पट्ट्या घालून त्यांवर कागद चिकटवावेत. प्रिंटरच्या उष्णतेने कागद आक्रसतोही. कोरा कागद आधी एकदा मशीनमधून काढला तर त्यातली ओल जाते.

कारखान्यात भोकाच्या आतल्या भिंतीवर तांब्याचा मुलामा चढतो. घरी तो नाही, त्यामुळे वायाच्या, म्हणजे दोन्ही बाजूंचे ट्रॅक जोडणाऱ्या, भोकात तारेचा तुकडा घालून दोन्हीकडून डाग द्यावा लागतो. रेझिस्टरच्या पायांना वरून डाग देता येतो. आयसीच्या सॉकेटखाली मात्र सोल्डरिंग आयर्नचे टोक पोचत नाही. म्हणून जाणकार लेआउट करतानाच सॉकेटला येणारे ट्रॅक खालच्या बाजूला ठेवतात आणि वरचा ट्रॅक थोडा अलीकडे, मोकळ्या जागेतल्या वायापाशी उतरवतात.