दोन पॉइंट कमी हवेचा हिशेब

मे महिन्यातल्या दुपारी जालन्यातल्या एखाद्या पंपावर हवेच्या नळीपाशी गाडी लावली, की प्रश्न हमखास येतो. ‘ऊन लय आहे साहेब, दोन पॉइंट कमीच ठेवू ना?’ आपण मान हलवतो, कारण ते पटण्यासारखं असतं. उन्हाने हवा तापते, तापली की फुगते, फुगली की टायर फुटतो. मग आधीच थोडी कमी भरलेली बरी. माझ्या वडिलांचीही हीच समजूत होती आणि मी ती कित्येक वर्षं पाळली. ती चुकीची आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर ती जिवावर बेतणारी आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. आपल्या जिल्ह्यात तो जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. त्याआधी आपल्या गाड्या मंठ्याला जायच्या, भोकरदनला जायच्या. वाटेत गतिरोधक, बैलगाड्या, बाजाराचा दिवस. वेग साठ-सत्तरच्या वर फारसा जात नसे आणि टायरला दम खायला मिळायचा. आता निधोन्याला समृद्धीवर चढलं, की ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि तासन् तास ब्रेकवर पाय ठेवायची वेळ येत नाही. त्याच गाडीच्या त्याच टायरला हे काम नवं आहे.

टायर तापतो कशाने? रस्ता काँक्रीटचा आहे म्हणून, असं बरेच जण सांगतात. पण कडक उन्हात काळं डांबर फिकट काँक्रीटपेक्षा जास्त तापतं. टायरचा मोठा ताप बाहेरून येत नाही, आतून येतो. आपलं गाव सळयांचं, त्यामुळे हे समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. सळया बांधायची बाइंडिंग तार हातात घ्या आणि एकाच जागी भराभर वाकवा, सरळ करा, वाकवा. तुटायच्या आधी ती घडी बोटाला गरम लागते. टायरचं तेच होतं. गाडीच्या वजनाने टायर जमिनीपाशी चेपतो आणि पुढे गेला की पुन्हा गोल होतो. रबर दाबायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ते सुटताना परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते.

साध्या कारच्या टायरचा घेर दोन मीटरच्या जरा आत असतो. १२०च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे १७ वेळा फिरतं, म्हणजे टायरचा प्रत्येक बिंदू तासाभरात साठ हजारांहून जास्त वेळा चेपला जातो. त्या वेगात एक ग्रॅम रबर बाहेरच्या बाजूला साडेतीनशे ग्रॅमहून जास्त वजनाने ओढलं जात असतं. आता यात हवा कमी असेल तर टायर जास्त चेपतो, त्याची कड जास्त दुमडते आणि ताप वाढत जातो. आत रबराचे आणि पोलादी तारांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. तापाने ती पकड सुटते. मग मोठा आवाज होतो आणि आपण म्हणतो, हवा जास्त झाली होती.

हवा खरंच किती वाढते, तेही पाहू. सकाळी २८ अंशांना ३३ पॉइंट भरलेला टायर पळून ६० अंशांवर गेला, तर दाब साधारण ३८ होतो. पाच पॉइंट. ही वाढ कंपनीने टायर बनवतानाच धरलेली असते आणि चांगला टायर याच्या कित्येक पट दाब सोसतो. खरी चूक पुढे होते. पंपावरचा माणूस काटा बघतो, ३८ दिसतात, तो ‘जास्त झाली’ म्हणून सोडून ३३ करतो. गाडी रात्रभर थांबली की त्याच टायरमध्ये साडेअठ्ठावीसच उरतात. दुसऱ्या दिवशी आपण त्यावर नागपूर गाठायला निघतो.

हवा भरावी ती टायर थंड असताना. गाडी तीनेक तास उभी असावी किंवा जेमतेम दोन किलोमीटर चाललेली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, किती पॉइंट ते त्यावर लिहिलेलं असतं. बहुतेक स्टिकरांवर दोन ओळी असतात, एक नेहमीच्या ओझ्याची आणि एक भरल्या गाडीची. दुसरी ओळ आपण वाचतच नाही. लग्नसराईत सात जणांच्या गाडीत नऊ जण, वर कॅरिअरला बॅगा, मागच्या टायरला दोन पॉइंट कमी आणि बाहेर ४२ अंश. यापेक्षा वाईट जोडणी मला सुचत नाही.

अमेरिकेने याची किंमत मोजली आहे. २००० साली फायरस्टोन कंपनीला लाखो टायर परत बोलवावे लागले. ते प्रामुख्याने फोर्डच्या एक्स्प्लोरर गाडीला बसवलेले होते. टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. दोष टायरमध्ये होता, तरी एक गोष्ट चौकशीत पुन्हा पुन्हा पुढे आली: फोर्डने सांगितलेला दाब २६ पॉइंट, म्हणजे कमी होता आणि अपघात टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा तापलेल्या राज्यांत जास्त होते. त्यानंतर तिथे नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

नायट्रोजनचं विचाराल तर व्हॉल्व्हला हिरवी टोपी लावून घ्यायला हरकत नाही. कोरडा असतो आणि जरा सावकाश झिरपतो. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. ‘नायट्रोजन आहे, महिनोन् महिने बघायला नको’ हे खरं नाही.

टायर गोटा झाला आहे का, हे खाचांतल्या उंचवट्यांवरून कळतं. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायचा. रबराचं वय मात्र नक्षीवरून कळत नाही. त्यासाठी कडेवर चार आकडे असतात: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. परवा आमच्या गाडीची स्टेपनी पहिल्यांदाच बाहेर काढून उजेडात धरली. नक्षी कोरी करकरीत, कडेला केसासारख्या बारीक भेगा, काटा लावला तर चौदा पॉइंट. आकडे होते २३१६.