दोष डोळ्यांचा की पडद्याचा?

आमच्या अम्मींना वाचनाचा नाद जुना. इशाची नमाज झाली की चष्मा पुसायचा, उशीला टेकायचे आणि झोप येईपर्यंत वाचत राहायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक छपाई वाचताना त्यांना त्रास होऊ लागला, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने त्यांच्यासाठी ई-रीडर पाठवला. आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले, नाशिककडचे नव्हे, हे पार्सलवर ठळक लिहायला सांगितले होते, म्हणून ते वेळेवर पोहोचले. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, वजन एखाद्या पातळ पुस्तकाएवढे आणि रात्री वीज गेली तरी पडद्याला स्वतःचा उजेड. अम्मी खूश होत्या.

आठवडाभरातच त्या म्हणाल्या, "बेटा, खालच्या ओळी मळकट दिसतात. वरचं पान साफ, खाली मात्र सावली पडल्यासारखं."

आम्ही दिवसाउजेडी पडदा पाहिला. आम्हाला काहीच दिसले नाही. "अम्मी, वय झालं, डोळ्यांचंच असेल," असे म्हणून आम्ही मोकळे झालो. वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी डोळे ठीक असल्याचे सांगितले, तरी आमच्या मनातला संशय गेला नाही. अम्मींनी मग तक्रार करणे सोडले आणि हळूहळू वाचणेही सोडले. दोन महिने ते यंत्र कपाटात पडून होते.

एका रात्री वीज गेली. आठवीतल्या आमच्या मुलीने ई-रीडर काढला, अंधारात कोरे पान उघडले आणि तिथूनच ओरडली, "दादीअम्मी खरं सांगत होत्या!" पडद्याच्या खालच्या कडेला तीन-चार उजळ झोत आणि त्यांच्या मधे काळसर पट्टे स्पष्ट दिसत होते. तिने यंत्र उलटे धरले. पट्टे खालून वर गेले. सावली यंत्राबरोबर फिरली, म्हणजे दोष यंत्राचा होता. अम्मी काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. ते हसू आम्हाला जड गेले.

हे असे का होते, ते आम्ही मग समजून घेतले.

मोबाइलच्या पडद्यातून उजेड थेट आपल्या डोळ्यांकडे येतो. ई-रीडरचा पडदा तसा नाही. त्यात काळे आणि पांढरे सूक्ष्म कण असतात. विजेच्या इशाऱ्याने ते वरखाली होतात आणि अक्षर उमटते. हा पडदा कागदासारखाच असतो. बाहेरचा उजेड पडला तरच तो दिसतो. रात्री वाचता यावे म्हणून पडद्यावर एक पातळ पारदर्शक थर बसवतात आणि त्याच्या कडेला बारीक एलईडी दिवे लावतात. दिव्यांचा उजेड त्या थरात शिरून आतल्या आत उसळ्या घेत पुढे जातो. थरावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म नक्षी असते. ती त्यातला थोडा थोडा उजेड खाली पानावर वळवते.

शेतकऱ्याला हे चटकन उमगेल. पाटाच्या तोंडाशी पाणी भरपूर आणि शेवटच्या शेतापर्यंत जाईतो ते उरतच नाही. सगळ्यांना सारखे पाणी द्यायचे तर तोंडाशी दारे लहान ठेवावी लागतात आणि पुढे मोठी करत न्यावी लागतात. इथेही दिव्यांजवळ नक्षी विरळ असते आणि दूर दाट. हा हिशेब थोडा चुकला, दिवे कमी पडले किंवा थर नीट बसला नाही, की कुठे झोत, कुठे सावली. थराखाली धुळीचा कण अडकला तर तिथे पांढरा ठिपका चमकतो. सगळे दिवे एका रंगाचे नसले तर पानाचा एक कोपरा पिवळसर आणि दुसरा निळसर दिसतो.

ही अडचण या यंत्रांच्या जन्मापासूनची. बार्न्स अँड नोबलने २०१२ मध्ये उजेडाचा नूक आणला आणि त्याच वर्षी ॲमेझॉनचा पहिला किंडल पेपरव्हाइट आला. पेपरव्हाइटमध्ये खालच्या कडेला चार दिवे होते. पडद्याच्या खालच्या भागातला उजेड काही परिस्थितीत पूर्ण एकसारखा नसतो, हे कंपनीने स्वतःच खरेदीच्या पानावर लिहिले होते. २०२१ च्या पेपरव्हाइटमध्ये सतरा दिवे आले. दिवे वाढले की मधली सावली कमी होते. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नये, नग हातात घेऊन पाहावा.

आम्हाला दिवसा दोष का दिसला नाही, तेही कळले. खोलीतला उजेड पडद्यावर पडून सावली भरून काढतो. अंधारात मात्र पडद्याचाच उजेड उरतो. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि डोळ्यात उजेड कमी शिरतो. त्यामुळे तरुणाला जी सावली जाणवतही नाही, तिथे वृद्धाला अक्षर ओळखू येत नाही.

आपल्या दोन्ही लिप्यांना हे महागात पडते. मराठीत एक अनुस्वार दिसला नाही की 'खंत'चे 'खत' होते. उर्दूत 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक असतो तो एका नुक्त्याच्या जागेचा. मराठी पुस्तके किंडलवर २०१६ पासून मिळू लागली. त्यांचे अक्षर तरी मोठे करता येते. पण बरीच उर्दू पुस्तके स्कॅन केलेल्या पानांच्या रूपातच मिळतात. लहान पडद्यावर ते अक्षर आधीच बारीक, त्यात सावली आली की नुक्ता गेलाच.

म्हणून ई-रीडर घेताच ही तपासणी करावी. रात्री खोली अंधारी करावी. दहा मिनिटे डोळे स्थिरावू द्यावेत. कोरे पान उघडून उजेड आधी मंद, मग मध्यम, मग पूर्ण करून पाहावा. मोबाइलने काढलेल्या फोटोवर विसंबू नये, कारण कॅमेऱ्यात सावली प्रत्यक्षापेक्षा गडद दिसते. मग यंत्र उलटे धरावे. सावली यंत्राबरोबर फिरली तर दोष पडद्याचा. परत करण्याची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला कळवावे. यंत्र फिरवूनही सावली नजरेत त्याच जागी राहिली तर मात्र उशीर न करता डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठावे.

आमची परतीची मुदत टळून गेली होती. आता अम्मींच्या उशाशी एक लहान दिवा ठेवला आहे. तो लावला की पट्टे जवळजवळ दिसेनासे होतात. पानाचा खालचा समास वाढवला, त्यामुळे शेवटची ओळ सावलीच्या वर आली. अम्मींचे वाचन पुन्हा सुरू झाले आहे.

यंत्र तपासायला दहा मिनिटे लागली. अम्मींच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला आम्हाला दोन महिने लागले. घरातले थोर काही सांगतात तेव्हा वयाकडे बोट दाखवण्याआधी, ते जिथे बसतात तिथे, ते ज्या वेळी वाचतात त्या वेळी, एकदा बसून पाहावे.