एक पत्ता, दोन यंत्रे
आभासी संगणकांच्या पत्त्यांतील गोंधळ व त्याचा शोध

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या भागांचा मिळून मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. संत्र्यांच्या बागांच्या या मराठीभाषी प्रदेशातील नागरिक दाखल्यांसाठी लोक सेवा केंद्रात जातात. २०१० च्या लोकसेवा हमी अधिनियमाने अशा सेवांना मुदत बांधून दिली आहे. परंतु खिडकीवर 'सर्व्हर बंद आहे' असे उत्तर मिळाले की अर्जदाराची त्या दिवसाची मजुरी बुडते. सर्व्हर बंद पडण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एका कारणात कोणतेही यंत्र बिघडलेले नसते. दोन यंत्रांना एकच पत्ता मिळालेला असतो.

पत्ता एकाचाच असावा

ही गरज नवी नाही. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या भाषांतील पत्ते यांमुळे टपालात होणारा घोटाळा टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे मराठीभाषी कवी होते. पांढुर्ण्याचा ४८०३३४ आणि सौंसरचा ४८०१०६ हे क्रमांक त्याच योजनेतील होत.

संगणकांच्या जाळ्यातही प्रत्येक यंत्राला अंकी पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. १९८१ साली निश्चित झालेल्या पद्धतीनुसार तो चार संख्यांचा असून प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधील असते, उदाहरणार्थ, १०.२०.५.१५. १० ने सुरू होणारे पत्ते अंतर्गत जाळ्यांसाठी राखलेले असल्याने ते निरनिराळ्या कार्यालयांत पुन्हा वापरता येतात. मात्र एका जाळ्यात एक पत्ता एकाच यंत्राचा असला पाहिजे.

गोंधळ कसा होतो?

पूर्वी एका कामासाठी एक सर्व्हर असे. आता एका मोठ्या संगणकात अनेक आभासी यंत्रे चालविता येतात. अशा संगणकांच्या समूहातून मागणीप्रमाणे सेवा पुरविण्याच्या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात. केंद्र शासनाच्या या क्षेत्रातील उपक्रमाचे नाव 'मेघराज' असे आहे.

आभासी यंत्राची प्रतिकृती काही मिनिटांत काढता येते. या सोयीतच दोषाचे मूळ आहे. प्रतिकृतीबरोबर जुन्या यंत्राचा पत्ता किंवा ओळख क्रमांकही येतो, आणि पत्ते आपोआप वाटणारी डीएचसीपी व्यवस्था दोघांना एकच समजू शकते. कधी एखादा कर्मचारी वाटपासाठी राखलेल्या पत्त्यांपैकीच एक पत्ता हाताने देतो. कधी बंद यंत्राचा पत्ता दुसऱ्यास दिला जातो आणि नंतर जुने यंत्र पुन्हा सुरू होते.

लक्षणे

या दोषात सेवा पूर्णपणे थांबतेच असे नाही. ती चालते, तुटते आणि पुन्हा चालते. संदेश पाठविण्यापूर्वी संगणक 'हा पत्ता कोणाचा?' असे जाळ्यात विचारतो. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीस एआरपी म्हणतात. दोन यंत्रांनी उत्तर दिले की संदेश कधी एकाकडे, तर कधी दुसऱ्याकडे जातो.

शोध व उपाय

१. आर्पिंग या साधनाने संशयित पत्त्याची विचारणा करावी. दोन भिन्न मॅक क्रमांकांकडून उत्तर आल्यास, आणि तशी योजना मुद्दाम केलेली नसल्यास, गोंधळ सिद्ध होतो.

२. मॅक क्रमांकाच्या आरंभावरून यंत्राचा प्रकार ओळखता येतो. ५२:५४:०० हा आरंभ बहुधा केव्हीएमच्या, तर ००:५०:५६ हा व्हीएमवेअरच्या यंत्रांचा असतो.

३. क्लाउडच्या नोंदींतून ते यंत्र व त्याचा धारक शोधावा. धारकास कळविल्याशिवाय यंत्र बंद करू नये. त्याचा केवळ जाळ्याशी असलेला संबंध तात्पुरता तोडून पुन्हा विचारणा करावी. आता एकच उत्तर आले, तर शोध बरोबर ठरला.

४. चुकीच्या यंत्रास नवा पत्ता क्लाउडच्या नियंत्रण फलकावरून द्यावा. आत हाताने बदल केल्यास नोंद आणि वस्तुस्थिती यांत पुन्हा अंतर पडते.

५. प्रतिकृती काढण्यापूर्वी मूळ यंत्राचा ओळख क्रमांक व स्थिर पत्ता काढून टाकावा.

नोंदवहीचे महत्त्व

एका खसऱ्यावर दोन भूमिस्वामींची नावे चढली तर जमीन बिघडलेली नसते, नोंद बिघडलेली असते. येथेही तसेच आहे. म्हणून प्रत्येक पत्ता कोणत्या यंत्रास, कोणी व केव्हा दिला, याची एकच अद्ययावत नोंदवही असावी.

केंद्रचालकांनी 'सर्व्हर बंद' एवढेच न कळविता सेवा किती वाजता तुटली व किती वाजता परतली, हे लिहून कळवावे. तुटक खंडाची अशी नोंद तंत्रज्ञास योग्य दिशा दाखविते. शिक्षकांना शाळेच्या संगणक कक्षात दोन यंत्रांना एकच पत्ता देऊन हा प्रकार विद्यार्थ्यांना दाखविता येईल. मात्र हा प्रयोग बाहेरच्या जाळ्यापासून अलग केलेल्या यंत्रांवरच करावा. नोंद नीट राहिली, तर दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याची दुसरी खेप वाचेल.